माधवीचा इंग्रजीचा पेपर

माधवीनं बारावीला बसायचं ठरवलं तेव्हा घरातून सगळ्यांत आधी हो म्हणाला तो तिचा नवरा श्रावणच. ती अकोल्यातल्या एका अंगणवाडीत मदतनीस होती. पोरं गोळा करायची, खिचडी शिजवायची, आणि सेविकाबाई रजेवर असल्या की त्यांचंही काम निस्तरायचं. त्या बाई आता निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागेसाठी बारावी लागत होती आणि माधवीचं शिक्षण लग्नाआधी दहावीवर थांबलेलं.

"भर सतरा नंबर फॉर्म, कॉलेजात न जाता परीक्षेले बसता येते," श्रावण म्हणाला होता. "मी आहो ना."

त्यानंच मोटरसायकलवर नेऊन तिचे फोटो काढून आणले, पुस्तकं आणली, आणि कामावर सगळ्यांना सांगत सुटला की आमची घरची मंडळी बारावी करून राहिली.

त्याचं काम एका जिनिंगच्या फाटकाशी, वजनकाट्यावर. कापसाच्या गाड्या भरून आत यायच्या, रिकाम्या होऊन बाहेर पडायच्या. दोन्ही वेळा वजन घ्यायचं आणि पावती फाडायची. खुर्चीचं काम होतं, लोक भाऊ म्हणायचे. कोणी शिक्षण विचारलं तर तो "बारावीपर्यंत" असं सांगायचा. त्या "पर्यंत"च्या आत कोणी डोकावत नसे. इंग्रजीत तो एकदा नापास झाला होता, दुसऱ्यांदाही झाला होता, आणि तिसऱ्यांदा फॉर्म भरण्याऐवजी बार्शीटाकळीहून अकोल्याची बस धरून कामाला लागला होता.

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या आणि एका संध्याकाळी माधवी घाईघाईनं घरात शिरली. चप्पल काढायच्या आधीच सांगू लागली.

"आपल्या विहारात इंग्रजीचा क्लास सुरू झाला, सतरा नंबरवाल्या बायाईसाठी. ललित सर शिकवून राहिले."

"कोण ललित?"

"तुमच्याच बार्शीटाकळीचे. तुमाले चांगले ओळखतात. एका बाकावर बसत होतो म्हणे."

श्रावण जेवत होता. त्याने पाण्याचा गिलास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"अजून काय म्हणाला?"

"काई नाई. कावून?"

"सहज."

ललित त्याच्याच गल्लीतला. गणित श्रावणचं पक्कं, पळण्यात तर तालुक्यात पहिला. ललित आपला काडीसारखा, नेहमी मागे मागे असणारा. पण बारावीला इंग्रजीचा निकाल लागला आणि वाटा फुटल्या. ललित अमरावतीला गेला, एम.ए., बी.एड. करून अकोल्यातच कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवायला लागला. एकाच शहरात राहूनही श्रावण त्याला कधी भेटायला गेला नव्हता. रस्त्यात दिसलाच तर गाडीचा वेग वाढवायचा.

आता तोच माणूस रोज त्याच्या घरात येऊ लागला. प्रत्यक्ष नाही, माधवीच्या तोंडून.

"सर म्हणतात, पॅसेज आला की आधी प्रश्न पाहू नका. कोणी आपल्याले गोष्ट सांगून राहिलं असं समजून वाचा."

"सर म्हणतात, वाचून झालं की कागद पालथा घाला आन् मराठीत सांगा काय झालं ते."

"सर म्हणतात, पुस्तकातला पॅसेज पाठ करून जमते, पण अनसीन परीक्षेतच पह्यल्यांदा दिसते. त्याची भीती गेली की बारावी निघाली."

सकाळी कणीक मळता मळता ती उतारा वाचायची. ओट्यावर तेलाच्या बरणीला टेकवून कागद ठेवलेला असायचा. आठवीतली दामिनी शेजारी दप्तर भरत उच्चार सुधारायची आणि दोघी मायलेकी कशावरून तरी हसत सुटायच्या. श्रावण दाढी करता करता आरशातून त्यांच्याकडे पाहायचा. पंधरा वर्षांच्या संसारात माधवी इतकं हसल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"अशी नसते शिकत इंग्रजी," तो एकदा म्हणाला. "शब्दार्थ पाठ कर आधी."

"सर म्हणतात, पाठ नका करू. मागच्या-पुढच्या वाक्यावरून अर्थ काढा."

"तुह्या सरचं राहू दे. मी काय म्हणतो ते आईक."

माधवीनं मान वर केली, त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि परत कणीक मळायला लागली.  पण तिच्या त्या पाहण्यात ललितनं सगळं सांगून टाकलंय, असं श्रावणला वाटून गेलं. दिवसभर काट्यावर बसून तो तेच उगाळत राहिला. दुपारी एका गाडीच्या पावतीवर त्याने दुसऱ्याच गाडीचा नंबर टाकला आणि गाडीवाल्याच्या शिव्या खाल्ल्या.

मग चक्कीवर गीतांजली भेटली. गीतांजली म्हणजे समोरच्या घरची सून, माधवीच्याच क्लासातली, बोलायला मोकळी. दळणाचा डबा खाली ठेवत ती म्हणाली, "भाऊ, वहिनीले एकडाव एकटीले अमरावतीले धाडा बरं."

"कावून?"

"अवो, पॅसेजच्या शेवटी आपल्या मनचं लिहायचा प्रश्न असते ना. एकट्यानं प्रवास करायले आवडते का, असा होता. आमी साऱ्यांनी लिहिलं, भीती वाटते. वहिनीनं लिहिलं, मले एकटीनं रेल्वेत खिडकीजवळ बसून अमरावतीले जायचं हाय, कोणाचाच डबा न भरता. इतक्या हसलो आमी! सर बी हसले."

श्रावणही हसला. हसावंच लागलं. पण डबा घेऊन घरी येताना त्याच्या कानात ते शेवटचं वाक्यच वाजत होतं. सर बी हसले. त्याच्या बायकोच्या मनात काय आहे ते गल्लीतल्या बायांना माहीत, त्या काडीसारख्या माणसाला माहीत, आणि त्याला मात्र चक्कीवर कळावं! घरी तिला विचारावं असं त्याच्या दहादा मनात आलं. विचारलं नाही. विचारलं तर ती खरं सांगेल की लपवेल, आणि यातलं जास्त काय लागेल, तेच त्याला ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर तो घरी न जाता विहाराकडे वळला. गाडी कोपऱ्यावर लावली आणि खिडकीच्या बाजूला, भिंतीला लागून उभा राहिला. आत सतरंजीवर सात-आठ बाया. ललित फळ्याजवळ लाकडी स्टुलावर बसलेला. केस विरळ झाले होते, चष्मा लागला होता, बाकी तोच. माधवी उभी होती. हातात कागद होता, पण ती कागदाकडे बघत नव्हती.

"प्रश्न काय होता, वहिनी?" ललितनं विचारलं.

"काळजी वाटते तेव्हा तुमी कोणापाशी बोलता."

"मंग? सांगा. चुकलं तरी इंग्रजीतच."

माधवीनं पदर सावरला आणि बोलायला लागली. शब्द तुटक होते, क्रियापद कुठेतरी घसरत होतं. तरी श्रावणला एकूण एक शब्द समजला. ती म्हणाली, मला काळजी वाटते तेव्हा मी बोलत नाही. मी भांडी घासते. भांड्यांच्या आवाजावरून माझ्या मुलीला कळतं.

आत कोणी हसलं नाही. ललित मान जराशी तिरपी करून ऐकत होता. मग हळू म्हणाला, "बरोबर. एकदम बरोबर."

श्रावणचं अंग तापलं. मुलीला कळतं. आणि नवरा? त्या उत्तरात नवरा कुठेच नव्हता. तिथं तो असायला हवा होता, आणि त्या रिकाम्या जागेकडे पाहून हा ललित बरोबर म्हणत होता! खरं तर माधवीकडे कोणी इतकं कान देऊन ऐकताना तो पहिल्यांदाच पाहत होता, आणि ऐकणारा आपण नाही एवढंच त्याच्या डोक्यात भिनलं. तो दाराकडे गेला. चप्पल न काढता, उंबऱ्यावरूनच बोलला.

"काय बे ललित, बायाईले इंग्रजी शिकवतो का त्याईच्या घरच्या गोष्टी काढतो?"

सगळ्या बायांनी वळून पाहिलं. ललित स्टुलावरून उठला. "श्रावण? ये ना, बस. पॅसेजचा प्रश्न हाय तो. बोर्डाच्या पेपरात—"

"बोर्डाच्या पेपरात माहं घर कावून पाह्यजे तुले? त्याईच्या घरच्या माणसाईले माहीत हाय का, इथं काय वदवून घेतो तू?"

"तोंड सांभाळून बोल."

"तू तुह्ये डोळे सांभाळ."

माधवीनं कागद पिशवीत टाकला. कोणाकडेही न पाहता ती दारापाशी आली, चप्पल घातली आणि त्याच्या अंगावरून बाहेर निघून गेली. श्रावण गाडी घेऊन मागे गेला, "बस, बस" म्हणत राहिला. ती बसली नाही. भर रस्त्यानं पायी घरी आली.

घरी दामिनीला तिनं गीतांजलीकडे पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

"उद्यापासून जात नाई मी. झालं तुमच्या मनासारखं?"

"मी जाऊ नको कुठं म्हटलं?"

"नाई म्हटलं. साऱ्या बायाईसमोर माह्या तोंडाले काळं फासलं, बाकी काई नाई म्हटलं."

"त्यानं सांगतलं ना तुले? माह्याबद्दल?"

"काय सांगतलं?" माधवीला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "तुमी इंग्रजीत नापास झाले ते? ते मले लग्न झालं त्याच वर्षी तुमच्या मायनं सांगतलं होतं. मी कधी काढलं का? सरांनी तर एक शब्द नाई काढला. उलट म्हणे, श्रावणसारखं पळणारा पोरगा मी पाह्यला नाई."

श्रावण खाटेवर बसला. आत माधवी भांडी घासू लागली. सकाळचीच घासलेली भांडी होती ती.

तो जिंकला होता. पहिले काही दिवस त्याला तसं वाटलंही. घरात "सर म्हणतात" बंद झालं. तेलाच्या बरणीला टेकलेला कागद गेला. पण त्याबरोबर माधवीचं बोलणंही गेलं. भाजी काय करू, दामिनीची फी कधी भरायची, एवढंच ती विचारायची. अभ्यास सोडला नव्हता. पोरं घरी गेल्यावर अंगणवाडीतच थांबून करायची. घरी आली की पिशवी खुंटीला टांगायची, त्या पिशवीला कोणी हात लावलेला तिला चालत नसे.

आणि उतारे तर आता श्रावणच वाचू लागला होता. काट्याच्या खोलीत, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, मोबाइलवर बारावीच्या जुन्या प्रश्नपत्रिका काढून. कशासाठी, ते त्याने स्वतःलाही सांगितलं नव्हतं. ललित हिला काय देतो असं, जे मी देऊ शकत नाही, हे त्याला पाहायचं होतं. आधी प्रश्न न पाहता, कोणी गोष्ट सांगतंय असं समजून तो वाचायचा. ही युक्ती ललितची आहे हे आठवलं की मोबाइल खाली ठेवायचा. थोड्या वेळानं परत उचलायचा. ज्या इंग्रजीनं त्याला गावातून उठवलं ती आता समजत होती. सगळी नाही, पण समजत होती. ही गोष्ट ज्या माणसाला सांगावी, ती त्याच्याशी बोलत नव्हती.

एका रविवारी त्याने धीर केला. माधवी आणि दामिनी जुना पेपर सोडवत बसल्या होत्या.

"कुठं अडलं? आण, मी पाहतो."

"नको," माधवी म्हणाली. "दामिनी हाय."

आठवीतल्या पोरीचाही हेवा वाटावा, इतकी त्याची गत झाली होती.

त्यातच गीतांजलीची सासू दारात येऊन बोलून गेली. "बरं केलं बापू तू. आमी बी सुनेले बंद केलं जाणं. कोण जाणे काय शिकवतात तिथं." तिच्या पाठोपाठ आणखी दोघींच्या घरचे जागे झाले होते. संध्याकाळी विहारावरून जाताना श्रावणला आत ललित दिसला. समोर सतरंजीवर तीनच बाया, आणि तो त्याच उत्साहानं फळ्यावर लिहीत होता. श्रावणनं या खेपेला गाडीचा वेग वाढवला नाही. थांबला. क्लास सुटेपर्यंत रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला आणि ललित बाहेर आल्यावर समोर गेला.

"चुकलो बे. खिडकीतून सारं पाह्यलं होतं मी, तरी तसा बोललो," तो म्हणाला.

ललितनं सायकलचं कुलूप काढलं. "मले नको सांगू."

"मंग कोणाले सांगू?"

"गीतांजलीचा महिनाभराचा अभ्यास बुडाला. तिचं इंग्रजी वहिनीपेक्षा कच्चं. तिच्या घरी जा आन् तिच्या सासूले सांग, काय पाह्यलं होतं तू खिडकीतून. जे पाह्यलं तेच सांग." एवढं बोलून तो सायकलवर बसला. चहाला चल म्हणाला नाही, खांद्यावर हात ठेवला नाही. श्रावणला ते बरंच वाटलं. ललित मोठ्या मनानं वागला असता तर तो आणखी जळला असता.

गीतांजलीच्या घरी जाणं सोपं नव्हतं. सासू, दीर, नवरा सगळे बसलेले. श्रावण खुर्चीच्या कडेला टेकला. "मी त्या दिवशी जे बोललो ते खोटं होतं," तो म्हणाला. "तिथं काई वंगाळ नाई. बाया वाचतात, उत्तर देतात. माही बायको चांगलं बोलत होती, ते मले पाहवलं नाई."

"पाहवलं नाई म्हणजे?" दिरानं विचारलं.

"म्हणजे पाहवलं नाई," श्रावण म्हणाला. त्याच्यापुढचं त्याला मराठीतही सांगता आलं नाही.

सासू पुटपुटली, नवरा मोबाइलमध्ये पाहत राहिला, पण सोमवारी गीतांजली क्लासला गेली. ही बातमी तिनंच माधवीला सांगितली. माधवीनं श्रावणला एका शब्दानं विचारलं नाही. तीन-चार दिवसांनी मात्र संध्याकाळी तिनं खुंटीवरची पिशवी काढली आणि म्हणाली, "मी विहारात चालली. कुकरची शिटी झाली की गॅस बंद करा."

श्रावणनं गॅस बंद केला. नंतरही रोज केला. जळणं काही थांबलं नव्हतं. तिला परतायला जरा उशीर झाला की तो दारात येऊन उभा राहायचा. मग चौकाच्या दिशेनं निघायचा आणि अर्ध्यातून परत यायचा. खिडकीपाशी मात्र तो पुन्हा गेला नाही.

फेब्रुवारीत इंग्रजीचा पेपर झाला. श्रावणनं माधवी आणि गीतांजली दोघींना केंद्रावर सोडलं, आणि सुटेपर्यंत समोरच्या निंबाखाली बसून राहिला. माधवी बाहेर आली तीच बायांच्या घोळक्यात हातवारे करत. पॅसेज कशावर होता, काय विचारलं, मी काय लिहिलं. सगळ्या जणी ऐकत होत्या. श्रावण गाडीपाशी उभा राहून तिच्या ओठांकडे पाहत होता. ट्रॅफिकमुळे शब्द एकही पोचत नव्हता. गाडीवर बसल्यावर त्याने विचारलं, "कसा गेला?"

"गेला बरा," ती म्हणाली. बस्स.

मे महिन्यात निकाल लागला. माधवी पास झाली, इंग्रजीतही. गीतांजली बाकी सगळ्यांत पास आणि इंग्रजीत थोडक्यात राहिली. तिच्या सासूनं श्रावणला दारात गाठलं नाही. पण तो दिवसभर त्या घराकडे मान वर करून पाहू शकला नाही. पेढ्यांचा डबा त्याने आणला होता, तो कपाटातच राहू दिला.

जुलैच्या फेरपरीक्षेसाठी माधवीच गीतांजलीला शिकवायला बसली. क्लासला तेव्हा सुट्टी होती. दुपारी सेविकेच्या अर्जाची धावपळ आणि संध्याकाळी बाहेरच्या खोलीत चटईवर दोघी. श्रावण कामावरून आला की हातपाय धुऊन स्वतःच चहा ठेवायचा आणि आतल्या दाराशी घुटमळायचा.

एका संध्याकाळी गीतांजली अडली. उताऱ्यातली एक बाई बसस्टँडवर येते, बसची बराच वेळ वाट पाहते, आणि बस आल्यावर न चढता घरी परत जाते. ती का परत गेली, असा प्रश्न. गीतांजलीनं दोनदा वाचलं, डोकं खाजवलं आणि आत पाहून म्हणाली, "भाऊ, तुमी सांगा बरं."

श्रावण चहाचे कप घेऊन तसाच उभा राहिला. त्याने माधवीकडे पाहिलं. तिनं मान वर केली नव्हती, पण नको असंही म्हणाली नव्हती.

"घरी तिचा नवरा वाट पाहत असन," तो म्हणाला.

गीतांजली फस्सकन हसली. माधवीनं कागदावर वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"नवऱ्याचं नाव बी नाई पॅसेजमधी," ती म्हणाली. "तुमी तुमच्या मनचं घालून राहिले. जे लिहिलं हाय ते आधी वाचा." आणि तिलाही हसू आलं. थोडंसंच, पण त्याच्या समोर.

तिनं चटईवर सरकून जागा केली. श्रावणनं कप खाली ठेवले आणि बसला. माधवीनं कागद तिघांना दिसेल असा मधे धरला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.